आधी एक्सल, मग इंजिन

मी मोटार मेकॅनिक. आमच्या भागात म्हणतात तसं, मिस्त्री. कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये पोरगा म्हणून लागलो तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आता माझी नातवंडं गॅरेजात येऊन पाना उचलतो का बघतात. भाषण करायची मला सवय नाही. आमचं बोलणं निम्मं गाडीखाली पडून असतं, ते गाडीलाच ऐकू जातं. तरी आज बोलायला बसलो, त्याला कारण एका सरांनी मला विचारलेला प्रश्न.

सर हायस्कूलमधून निवृत्त झालेले. त्यांची छोटी जुनी गाडी इंजिनकामाला आली होती. ऑइल खात होती, क्लचही संपला होता, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच खाली उतरवायचं ठरलं. संध्याकाळी सर सहज डोकावले. बघतात तर गाडी घोडीवर चढवलेली, पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकवलेली, आणि जमिनीवर पोत्यावर ग्रीसने काळेकुट्ट झालेले दोन दांडे. इंजिन मात्र जागच्या जागी. सर म्हणाले, "मिस्त्री, मी काम इंजिनाचं सांगितलं होतं. तुम्ही चाकं कशाला काढलीत?" तोंडी अंदाजात मी "एक्सल काढणे-घालणे" अशी वेगळी मजुरी सांगितली होती, तीही त्यांच्या मनात असणार. दात दुखतो म्हणून गेलो आणि डॉक्टरने गुडघा तपासला, अशी त्यांची मुद्रा झाली होती.

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तेच आज तुम्हाला सांगतो.

मी धंद्यात आलो तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या मोटारी दोनच, अँबॅसिडर आणि फियाट. फियाट म्हणजे मुंबईत कुर्ल्याला बनणारी, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी नाव मिळालं ती. पण शेवटपर्यंत लोक तिला फियाटच म्हणाले. या दोन्ही गाड्यांची रचना जुन्या पद्धतीची. पुढे इंजिन, ते लांबीच्या दिशेने उभं बसवलेलं. त्याच्या पाठीला गिअरबॉक्स. तिथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा एक लांब शाफ्ट, आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळ्यात डिफरन्शिअल. जोर मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त फिरायची आणि वळायची, इंजिनाशी त्यांचा काही संबंध नाही.

म्हणून अँबॅसिडरचं इंजिन काढायचं तर रेडिएटर काढा, पाइप आणि वायरी सोडा, सायलेन्सरचा पाइप सोडा, मागच्या लांब शाफ्टचे बोल्ट सोडून तो सरकवून बाजूला करा, माउंटिंगचे नट काढा, आणि चेन पुली लावून गिअरबॉक्ससकट ओढा वर. इंजिन वर उचललं तरी गाडी चार चाकांवर उभी. ढकला कुठेही. आमचे उस्ताद सकाळी चहा पिऊन सुरुवात करत, जेवणाच्या सुट्टीआधी इंजिन फळीवर असे.

मग मारुती आली. दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. आमच्या गॅरेजपर्यंत ती पोचायला तीन-चार वर्षं लागली, कारण नवी गाडी सुरुवातीला आमच्याकडे कशाला येईल! पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा उस्ताद बराच वेळ नुसते बघत राहिले. तीनच सिलेंडर, ७९६ सीसी, आणि सगळं आडवं! इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं बसवलेलं, त्याच्याच शेजारी रांगेत गिअरबॉक्स. खाली वाकून पाहिलं तर मागे जाणारा शाफ्टच नाही. उस्ताद म्हणाले, "पोरा, ही गाडी पुढच्या पायांनी चालते."

घोडा मागच्या पायांनी जोर लावतो, हे आम्हाला ठाऊक होतं. ही बकरी निराळीच होती.

आता हे आडवं प्रकरण आलं कुठून? पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आधीपासून होत्या. फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ साली तशी गाडी मोठ्या संख्येने बाजारात आणली. पण इंजिन आडवं ठेवून जागा वाचवायची युक्ती लोकांच्या डोळ्यांत भरली ती १९५९ मध्ये, इंग्लंडच्या मिनी गाडीमुळे. अलेक इसिगोनिस यांनी दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसं बसवून दाखवली. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, ऑइलच्या टाकीतच घातला होता. १९६४ मध्ये इटलीत ऑटोबियांकी प्रिमुला नावाच्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, एका रांगेत आला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांची मांडणी हीच. ती करणारे फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा. आणि गंमत बघा, ज्या फियाट ११०० पासून आपली पद्मिनी झाली, तीही याच जाकोसांच्या हाताखालून गेलेली. म्हणजे उस्तादांना पाठ असलेली गाडी आणि त्यांना गोंधळात टाकणारी गाडी, दोन्हींमागे डोकं एकाचंच. हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, तोवर उस्ताद राहिले नव्हते.

जागा वाचली खरी, पण एक अडचण उभी राहिली. पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन गोष्टी कराव्या लागतात. जोराने फिरायचं, स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळायचं, आणि खड्डा आला की वर-खाली व्हायचं. गिअरबॉक्स तर जागेवर घट्ट. मग या दोघांना जोडणारा दांडा कसा असावा? सरळ लोखंडी सळई घातली तर पहिल्या वळणाला मोडेल. मधे सांधा हवा.

जुन्या गाड्यांच्या लांब शाफ्टला एक साधा सांधा असतो, दोन काटे आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस. तो थोड्या वाकाला चालतो. पण वाक वाढला की त्याची चाल बिघडते. अलीकडचा दांडा एका वेगाने फिरत असला तरी पलीकडचा तसा फिरत नाही. एका फेरीत दोनदा तो पुढे पळतो, दोनदा रेंगाळतो. ३० अंशांच्या वाकाला हिशेब केला तर वेग सुमारे १५ टक्के वाढतो आणि सुमारे १३ टक्के घटतो, तोही प्रत्येक फेरीला. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं असताना चाक असं आचके द्यायला लागलं, तर गाडी चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग थरथरेल आणि आतल्या माणसांचं पोट ढवळेल.

यावरचा सर्वांत टिकलेला उपाय काढला आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने, १९२० च्या दशकात. फोर्ड कंपनीत काम करणारा हा माणूस. त्याने काटे काढून टाकले आणि गोळ्या आणल्या. एक वाटी, तिच्या आत एक गोल मुंडकं, दोन्हींवर समोरासमोर खोबणी, आणि त्या खोबणीत एका जाळीत धरलेल्या पोलादी गोळ्या, बहुधा सहा. दांडा कितीही वाकला तरी या गोळ्या वाकाच्या बरोबर निम्म्यावर राहतात. कोपऱ्यात बरोबर मधोमध आरसा धरला तर दोन्ही भिंती सारख्याच दिसतात ना, तसं. दोन्ही दांड्यांना गोळ्यांची जागा सारखीच, म्हणून दोघांचा वेगही सारखा. यालाच आम्ही सीव्ही जॉइंट म्हणतो. चाकाकडच्या टोकाला हा गोळ्यांचा सांधा असतो. गिअरबॉक्सकडच्या टोकालाही सांधा असतो, पण त्याला आणखी एक काम आहे. चाक वर-खाली झालं की दांड्याची लांबी कमी-जास्त लागते, म्हणून तो आत-बाहेर थोडा सरकतो. दोन्ही सांध्यांत ग्रीस भरलेलं, आणि वर पेटीच्या भात्यासारखं रबराचं आवरण. त्याला बूट म्हणतात. सांध्यासकटचा हा सगळा दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, गॅरेजच्या भाषेत एक्सल. पुढे दोन असतात. डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या बाजूला कललेलं असल्याने बहुतेक गाड्यांत एक आखूड, एक लांब.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल मिळून एकच गठ्ठा असतो. त्या गठ्ठ्याच्या दोन्ही कुशींतून हे दोन दांडे निघून थेट चाकांच्या मध्यात घुसलेले. एका टोकाला गिअरबॉक्सने धरलेले, दुसऱ्या टोकाला चाकाने. हे दोन दांडे आडवे असताना गठ्ठा वर उचलणं म्हणजे खांद्यावर कावड बांधलेल्या माणसाला दरवाजातून ओढण्यासारखं आहे.

काढायचे कसे, हेही सांगतो. तुम्ही घरी करून बघावं म्हणून सांगत नाही. गॅरेजात उभे असाल तेव्हा काय चाललंय ते कळावं म्हणून.

पहिली गोष्ट गाडी जमिनीवर असतानाच करायची. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो एक्सलचा. तो इतका आवळलेला असतो की दांड्याला पाइप लावून अंगाचा भार टाकावा लागतो. हा नट गाडी जॅकवर चढवून सोडायला गेलात तर एक तर चाक बरोबर फिरतं, नाहीतर झटक्याने गाडी जॅकवरून घसरते. म्हणून मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, आत एक माणूस ब्रेकवर पाय देऊन बसलेला, आणि मग नटाला पाना. नुसता सैल करायचा, काढायचा नाही. त्याआधी त्याची स्प्लिट पिन काढायची किंवा कॉलर ठोकलेली असेल तर ती उघडायची. नव्या पोराचा पाना पहिल्या दिवशी इथेच घसरतो आणि बोटाची सालं निघतात.

मग गाडी जॅकने उचलून घोडीवर. नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली शिरत असेल तर त्याला तिथून ओढून काढा, तो माझा माणूस असला तरी. बॅटरीची वायर काढलेली, रेडिएटरचं पाणी काढलेलं, आणि गिअर ऑइल खाली सोडलेलं. गिअर ऑइल विसरलात तर एक्सल ओढल्याबरोबर त्या भोकातून धार लागते, थेट तुमच्या शर्टाच्या बाहीत. त्या वासाची ओळख धुलाईच्या तिसऱ्या खेपेपर्यंत राहते, हे माझ्या घरी कोणालाही विचारा.

चाक काढलं की खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडायचा. म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो तो भरीव तुकडा, नकल म्हणतात त्याला, तो मोकळा होऊन बाहेरच्या बाजूला झुलवता येतो. सैल केलेला नट आता काढायचा, पण दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवून त्यावर लाकडी ठोकळा धरून ठोकायचं. थेट हातोडा मारला तर आटे चेचले जातात आणि पुढे नट चढत नाही. दांडा हबमधून निसटला की नकल बाजूला घेऊन चाकाकडचं टोक मोकळं.

आतलं टोक जरा हट्टी. त्याच्या दातेरी टोकावर एक बारीक तारेची कडी असते, ती डिफरन्शिअलच्या आत जाऊन उघडते आणि दांड्याला धरून ठेवते. गिअरबॉक्स आणि सांध्याच्या मध्ये टॉमी घालून, ऑइल सीलला धक्का न लावता, एक नेमका झटका द्यायचा. "टक्" असा आवाज येतो आणि दांडा सुटतो. आवाज आला नाही तर समजायचं की आपण सील उपटतोय किंवा घर फोडतोय. इथे नवशिक्याची दुसरी चूक होते. तो दांडा धरून ओढतो. दांडा येतो, पण सरकणारा सांधा रबराच्या आत सुटून जातो आणि तुकडे बुटातच पडतात. दांडा ओढायचा नाही, सांध्याला ढकलायचं. आणि सुटलेलं टोक लोंबकळू द्यायचं नाही, तारेने बांधायचं. लोंबकळणारा एक्सल स्वतःच्या वजनाने बूट फाडतो.

एक्सल निघालेल्या भोकात स्वच्छ फडका किंवा बूच. धुळीचा एक कण आत गेला तर तो तिथे वर्षानुवर्षं दळत बसतो. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दोन्ही एक्सल एकदम काढले की आतले छोटे गिअर जागेवरून सरकतात आणि पुन्हा एक्सल बसतच नाही. तिथे मापाचा लाकडी दांडका आत घालून ठेवतात. काही युरोपीय गाड्या सोप्या. त्यांच्या एक्सलचं आतलं टोक गोल चकतीवर बोल्टने बसवलेलं असतं, बोल्ट सोडले की झालं.

एवढं झाल्यावर बाकीचं इंजिन जुन्याच पद्धतीने निघतं. काही गाड्यांत वर ओढून, काहींत खाली सोडून. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

पण एक्सल काढल्यावर काय करायचं नाही, ते मी किंमत मोजून शिकलो. ते इतकी वर्षं फार कोणाला सांगितलं नव्हतं.

१९९१ चा पावसाळा. मी तेवीस वर्षांचा. तोवर मारुतीचं काम मलाच येतं, अशी माझी समजूत झाली होती. बँकेतल्या एका साहेबांची गाडी आली. इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवलं, सामान पुण्याहून यायचं होतं म्हणून आठ दिवस काम थांबलं. मध्येच दुसरी मोठी गाडी आली, जागा हवी झाली. मालक म्हणाले, "ती मारुती बाहेर शेडखाली लाव." मी दोन्ही चाकं हबवर चढवली, नट आवळले, आणि दोघांनी गाडी ढकलत बाहेर नेली. पन्नास-साठ फूट असेल. मध्ये गटाराची फरशी होती, तिच्यावरून दणका बसला. अँबॅसिडर आम्ही अशीच ढकलायचो. आठ दिवसांनी सामान आलं, गाडी ढकलत आत घेतली, पुन्हा तोच दणका. इंजिन बसवलं, एक्सल घातले, नट आवळला, साहेब गाडी घेऊन गेले. इंजिन झकास चाललं.

मला ठाऊक नव्हतं ते असं. या गाड्यांत एक्सल फक्त जोर पोचवत नाही. तो चाकाच्या बेअरिंगला आवळूनही धरतो. बाहेरचा तो मोठा नट आवळला की हब आणि एक्सलचा खांदा यांच्यामध्ये बेअरिंगच्या आतल्या कड्या घट्ट दाबल्या जातात. एक्सल काढला की तो दाब गेला. चाक बाहेरून तसंच दिसतं, हाताने फिरवलं तर फिरतं. पण गाडीचं वजन त्यावर टाकलं की कड्या किंचित कलतात आणि गोळ्या एकाच जागी घाव घालतात. तो घाव डोळ्यांना दिसत नाही. आवाज येतो पुढे, रस्त्यावर.

साहेब आठवड्याभराने घरच्यांना घेऊन गणपतीपुळ्याला निघाले. बांबवडे सोडल्यावर पुढून घूं घूं आवाज यायला लागला, वेगाबरोबर वाढणारा. मलकापूरला त्यांनी गाडी थांबवली. हात लावला तर डाव्या चाकाचा मध्य पोळत होता. पुढे आंबा घाट. त्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला. मी पिशवीत बेअरिंग आणि पुलर घेऊन एसटीने गेलो. पावसात, एका किराणा दुकानाच्या पत्र्याखाली चाक उघडलं. बेअरिंगच्या गोळ्या खरवडलेल्या, चाक हाताने हलत होतं. साहेबांची लहान मुलगी दुकानाच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होती. घाटात उतरताना ते चाक किती दूर टिकलं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही. रात्री परतीच्या एसटीत केला.

मालकांनी साहेबांना आधीच फोनवर सांगून टाकलं होतं की बेअरिंग जुनं होतं, पावसाचं पाणी गेलं असेल. मी मान हलवली. उजवं बेअरिंगही मी बदलून दिलं, "बघितलंच आहे तर बदलतो" म्हणून, पण का ते सांगितलं नाही. पुढे एका जाणत्या मिस्त्रीकडून दोन दिवस काम शिकायला मिळालं, तेव्हा नेमकं काय घडलं ते मला कळलं. मग मी बँकेत जाऊन साहेबांना सांगितलं. चूक बेअरिंगची नव्हती, आमची होती. ते काउंटरच्या आतून माझ्याकडे बघत राहिले. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाले. त्यांची गाडी दोन वर्षं आमच्याकडे आली नाही. नंतर आली, फाटलेला बूट घेऊन. त्या दिवसाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

बुटाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. गाडीच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले तर बूट फाटला समजा. तेवढ्यावर बूट आणि ग्रीस बदललं की काम होतं. दुर्लक्ष केलंत तर आत माती जाते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की कट्-कट्-कट् असा आवाज यायला लागतो. मग सांधाच बदलावा लागतो.

आणखी एक चमत्कार कधी कधी घडतो. इंजिनकाम झाल्यावर गाडी दोन-चार किलोमीटर जाते आणि अचानक थांबते. गिअर पडलेला, क्लच सोडलेला, इंजिन घोंघावतंय, पण गाडी ढिम्म. लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. पुष्कळदा आतली ती तारेची कडी नीट बसलेली नसते आणि एक्सल आतून निसटलेला असतो. डिफरन्शिअलची रीतच अशी की जोर सोप्या वाटेने जातो. एक बाजू मोकळी झाली की सगळं फिरणं त्या मोकळ्या बाजूला, आणि शाबूत चाक जागेवर. म्हणून एक्सल बसवताना पुन्हा तोच "टक्" ऐकायचा आणि सांध्याला हात घालून एकदा बाहेर ओढून बघायचं. कडी आणि ऑइल सील शक्यतो नवे, स्प्लिट पिन तर नवीच. मोठा नट माप दाखवणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकाच. "आवळला जोरात" हे माप नव्हे. बँकेच्या साहेबांच्या गाडीनंतर मी पहिली मोठी खरेदी केली ती या पान्याची. मालक म्हणाले, "हाताला कळत नाही का?" मी म्हटलं, "नाही कळत."

माझी हल्लीची पद्धत अशी. इंजिन दोन-तीन दिवसांत परत बसणार असेल तर मी बाहेरचा मोठा नट सोडतच नाही. बॉल जॉइंट सोडतो, नकल झुलवतो, एक्सलचं फक्त आतलं टोक काढून तारेने वर बांधून ठेवतो. बेअरिंगवरचा दाब तसाच राहतो. हे प्रत्येक गाडीत जमत नाही, जागा लागते. नाही जमलं तर पूर्ण एक्सल काढतो, पण मग गाडी घोडीवरून खाली येत नाही.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. माझा पुतण्या आता विजेच्या गाड्यांचं काम शिकतोय. परवा म्हणाला, "काका, आता इंजिनच नाही, तुमची विद्या गेली." त्याच्याच गॅरेजात नेक्सॉनची विजेची गाडी लिफ्टवर होती. मी त्याला हाताला धरून खाली नेलं. इंजिनाच्या जागी मोटर होती. आणि तिच्या दोन्ही कुशींतून, रबरी बूट घातलेले, तेच दोन दांडे चाकांकडे गेले होते. तो हसला आणि चहा सांगितला.

सरांना मी हे सगळं सांगितलं, तोवर अंधार पडला होता. त्यांनी पोत्यावरचा एक्सल दोन्ही हातांनी उचलून पाहिला, सांधा वाकवून पाहिला, धोतराला ग्रीस लागलं. मग भिंतीकडे बोट करून विचारलं, "आणि ती खिळ्याला टांगलेली दोन मुंडकी कसली?" म्हटलं, सर, ते मोडक्या एक्सलचे बाहेरचे सांधे. दांडा कापून टाकलेला, फक्त मुंडकं आणि आटे ठेवलेत. कधी एक्सल नसताना गाडी हलवायचीच झाली तर हे हबमध्ये घालायचे आणि मोठा नट पूर्ण आवळायचा. बेअरिंगला वाटतं एक्सल जागेवर आहे.

सकाळी शाळेची गाडी ब्रेकला आली, तिला आत जागा हवी होती. सरांच्या गाडीला ती दोन मुंडकी चढवली, नट मापाने आवळला, आणि आम्ही तिघांनी ती सावकाश ढकलत बाहेर सावलीत लावली.